श्वास हेच सुकाणू: वाळूच्या बेटाभोवतीच्या प्रवाळात स्कूबा

पोपटमासा खडकाला तोंड लावतो तेव्हा ते ऐकू येतं. वाळकी काटकी मोडावी तसा कटकट आवाज होतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो, म्हणून तो नेमका कुठल्या बाजूनं आला हे मात्र कानांना ठरवता येत नाही. या माशाचे दात जुळून त्यांची चोच झालेली असते. मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ तो खरवडतो, त्याबरोबर चुनखडीही निघते, घशातल्या दुसऱ्या दातांखाली ती दळली जाते आणि काही वेळानं शेपटीखालून पांढरा धुरळा सुटतो. तीच वाळू. मोठ्या जातीचा एकेक मासा वर्षाकाठी काहीशे किलो वाळू पाडतो. प्रवाळ बेटाच्या काठावरच्या पांढऱ्याशुभ्र पुळणीत या दळणाचा वाटा मोठा असतो. उरलेल्यात प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा आणि चुना साठवणाऱ्या हॅलिमेडा शेवाळाच्या चकत्या येतात.

बेट तयार होतं ते लाटांमुळे. लाट उथळ प्रवाळभित्तीवर आली की तिचा तळ अडखळतो, वेग कमी होतो आणि ती वळते. भित्तीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून आलेल्या लाटा मागच्या अंगाला एकमेकींना भिडतात, जोर संपतो आणि वाहून आणलेली वाळू त्या तिथेच टाकतात. हा ढीग भरतीच्या पाण्याच्या वर राहू लागला की बेट झालं. म्हणजे असं बेट खडकावर उभं नसतं, ते प्रवाळभित्तीच्या पाठीवर ठेवलेलं असतं, आणि वाऱ्याचा हंगाम बदलला की त्याचं टोकही सरकतं.

पाण्यात उतरणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. वाऱ्याच्या तोंडच्या बाजूला लाटा फुटतात, तिथले प्रवाळ ठेंगणे आणि भक्कम, उतार सरळ खोलात जाणारा. आडोशाच्या बाजूला पाणी शांत, फांद्यांचे नाजूक प्रवाळ आणि त्यांच्यामध्ये वाळूचे मोकळे पट्टे. नवशिक्यानं आडोशाचीच बाजू धरावी. मात्र आडोसा कुठला हे त्या दिवशीचा वारा ठरवतो. गेल्या हंगामातली शांत बाजू या हंगामात फेसाळलेली असू शकते.

दाब

स्कूबा म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली पोहणं. त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. समुद्रसपाटीवर आपल्यावर साधारण एक बार दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक बार वाढतो. दहा मीटरवर दोन बार, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं. वर भरलेला फुगा दहा मीटरवर निम्मा होतो, तीस मीटरवर पाव.

यातली खोच अशी की सर्वात मोठा बदल खोलात नसून वरच्या दहा मीटरमध्ये असतो. तीसवरून वीस मीटरवर येताना हवा एकतृतीयांशानं फुगते, पण दहावरून पृष्ठभागावर येताना दुप्पट होते. त्यामुळे ‘उथळच तर आहे’ हे वाक्य स्कूबात फसवं. कान दुखतात ते उथळात, तोल सुटतो तो उथळात, आणि सर्वात गंभीर इजाही उथळात होऊ शकते.

आधी कान. पडद्याच्या आतल्या पोकळीत हवा असते आणि ती पोकळी एका बारीक नळीनं घशामागे जोडलेली असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं किंवा नुसता आवंढा गिळला की ती नळी उघडते, आत हवा जाते, दाब सारखा होतो. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं. डोकं पाण्याखाली जाण्याआधी एकदा, मग पहिले काही मीटर हात-दोन हात खाली गेलं की पुन्हा, अशा बेतानं करायचं. मीटर-दीड मीटर तसंच खाली गेलात तर बाहेरच्या दाबानं नळीचं तोंड मिटून बसतं आणि मग कितीही फुंका, उघडत नाही. जोर लावणं ही इथली हमखास होणारी चूक; त्यानं पडद्यालाच नाही, आतल्या कानालाही इजा होते. उपाय उलटा आहे. एक-दोन मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा, आणि पाय खाली ठेवून सावकाश उतरा. डोकं खाली करून उतरताना नळी सुजल्यासारखी होते आणि काम अवघड होतं.

सर्दी असताना डाइव्ह करू नये, हे सगळे सांगतात. कारण कमी जण सांगतात. नाक मोकळं करणाऱ्या औषधानं खाली जाताना सगळं ठीक वाटतं, पण पाण्याखालीच औषधाचा असर उतरला तर वर येताना आत फुगणारी हवा अडकून बसते. खाली जाताना अडलं तर वर येता येतं. वर येताना अडलं तर पर्याय फार थोडे उरतात.

मास्कमध्येही हवा असते, म्हणून नाक मास्कच्या आत हवं. खाली जाताना नाकातून थोडं फुंकलं की मास्कचा ताण जातो. पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही तो याचसाठी: त्यात फुंकणार कुठून?

आता फुप्फुसं. श्वास रोखून खाली-वर करणारा माणूस वरची हवा घेऊन जातो आणि तीच परत आणतो, म्हणून त्याची फुप्फुसं सुरक्षित. स्कूबात मात्र खालच्या दाबाची हवा फुप्फुसात भरलेली असते. दहा मीटरवर सहा लीटर हवा भरून श्वास रोखला आणि वर आलात, तर तिला बारा लीटर जागा हवी असते. ती जागा छातीत नाही. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. भरलेल्या छातीनं सव्वा-दीड मीटर वर येणंही पुरतं. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं तोंडात धरायचं उपकरण, तोंडातून निघाला तरी ‘आऽऽ’ म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

एक श्वास कुठून कुठे जातो

नेहमीच्या वापरातला ॲल्युमिनियमचा सिलिंडर आतून साधारण ११ लीटरचा असतो आणि त्यात २०० बार दाबानं हवा भरतात. ११ गुणिले २००, म्हणजे २२०० लीटर. ऑक्सिजन नव्हे, साधी गाळलेली, कोरडी हवा. इतक्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडात धरायच्या दुसऱ्या टप्प्यात एक लवचिक चकती असते. तुम्ही श्वास ओढला की ती आत येते, दांडी दाबली जाते, व्हॉल्व उघडतो आणि त्या खोलीवर जेवढा पाण्याचा दाब तेवढ्याच दाबाची हवा मिळते. सोडलेला श्वास बाजूनं बुडबुडे होऊन जातो. मागितल्यावरच हवा देण्याची ही युक्ती ज्या उपकरणामुळे जगभर पसरली, ते जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलं.

‘त्याच दाबाची हवा’ यातच हिशेब दडलाय. शांत माणूस वर मिनिटाला सुमारे २० लीटर हवा वापरतो असं धरू. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून खर्च ४० लीटर. अठरा मीटरवर २.८ पट, म्हणजे ५६ लीटर. सिलिंडरमधले ५० बार राखीव ठेवायचे, तर वापरायला उरतात १५० बार, म्हणजे १६५० लीटर. दहा मीटरवर ही हवा चाळीस मिनिटं पुरते, अठरावर एकोणतीस. घाबरलेला किंवा प्रवाहाशी झटणारा माणूस सहज दुप्पट हवा खातो आणि मग एकोणतीसचे पंधरा होतात.

राखीव ५० बार कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशेब करून पाहा. अठरा मीटरवर जोडीदाराची हवा संपली. दोघंही घाबरलेले, दोघं एकाच सिलिंडरवर, प्रत्येकी ४० लीटरचा खर्च. एकमेकांना धरून सावरायला एक मिनिट: ८० गुणिले २.८, म्हणजे २२४ लीटर. वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९ बार: ३०४ लीटर. एकूण ५२८. पन्नास बार म्हणजे ५५० लीटर. जेमतेम भागतं, तेही वाटेत कुठे न थांबता. शिवाय ५० बार हा आकडा पाण्याबाहेर डोकं काढताना सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर दिसायला हवा. अठरा मीटरवर ५० दिसले तर उशीर झालेला असतो. तिथून साधारण ७० वर निघावं लागतं.

उतरण्यापूर्वीची एक तपासणी कधीच टाळू नका: काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर व्हॉल्व पूर्ण उघडा आहे. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व अर्धवट उघडा आहे. वर तो पुरेशी हवा देतो, खोलात देत नाही. तसंच हवेचा वास घ्या. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर बाजूला ठेवा.

तोल

प्रवाळावर चांगला डाइव्हर आणि वाईट डाइव्हर यातला फरक पोहण्यात नसतो, तो तोलात असतो. डाइव्हर याला बॉयन्सी म्हणतात: ना वर, ना खाली, आहे तिथे लटकून राहणं. यासाठी तीन गोष्टी आहेत. कमरेची शिशाची वजनं, अंगावरचं बीसीडी नावाचं जॅकेट, ज्यात नळीनं हवा भरता-सोडता येते, आणि फुप्फुसं. वजनं डाइव्हपूर्वी ठरतात, बीसीडी खोली बदलली की वापरायचा, आणि क्षणाक्षणाचं सुकाणू म्हणजे श्वास.

वजन किती, याचं उत्तर पाण्यातच मिळतं. सगळं साहित्य अंगावर चढवून डोक्याएवढ्यापेक्षा जास्त खोल पाण्यात सरळ उभे राहा, पाय हलवू नका, बीसीडी पूर्ण रिकामा करा आणि साधा श्वास भरून धरा. (पृष्ठभागावर, वरचीच हवा असताना हे चालतं.) पाण्याची रेघ डोळ्यांशी आली पाहिजे. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. दगडासारखे गेलात तर वजन जास्त आहे. हनुवटीपर्यंत बाहेर राहिलात तर कमी आहे. आता एक दुरुस्ती: हवेलाही वजन असतं. एक लीटर हवा साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या सिलिंडरमधली हवा अडीच किलोहून जास्त. डाइव्ह संपताना ती बरीचशी गेलेली असते आणि रिकामा ॲल्युमिनियमचा सिलिंडर चक्क तरंगायला लागतो. म्हणून तपासणी भरलेल्या सिलिंडरनं केली असेल तर दोनेक किलो जास्त घ्यायचे, नाहीतर शेवटी पाच मीटरवर थांबायच्या वेळी तुम्ही बुचासारखे वर जाल.

‘जास्त वजन घेतलं की सोपं जातं’ हा गैरसमज फार जुना आणि चिवट आहे. जास्त वजन म्हणजे ते पेलायला बीसीडीत जास्त हवा. जास्त हवा म्हणजे खोली थोडी बदलली तरी मोठा फरक. अर्धा मीटर वर गेलात, हवा फुगली, त्यामुळे आणखी वर, आणखी फुगली. हे चक्र सुरू झालं की बीसीडीची नळी उंच धरून हवा सोडेपर्यंत माणूस पृष्ठभागावर पोचलेला असतो. वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख, त्याचंही असंच. त्याच्या रबरात बारीक बुडबुडे असतात, ते खोलात चेपतात. म्हणून खाली गेल्यावर आपोआप जड होतं आणि बीसीडीत थोडी हवा घालावी लागते. थोडी म्हणजे बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं, दोन श्वास थांबायचं, मग ठरवायचं.

थांबणं महत्त्वाचं, कारण परिणाम उशिरा होतो. श्वास भरल्यावर एक-दोन सेकंदांनी शरीर वर जायला लागतं. समोर प्रवाळाचा गोल दगड आलाय असं समजा. नवशिका त्याच्या अगदी जवळ येतो, घाबरून श्वास भरतो, काहीच घडत नाही म्हणून हात टेकतो किंवा पाय खाली सोडून फिन, म्हणजे पावलात घातलेलं वल्हं, मारतो, आणि फांदी मोडते. सरावलेला डाइव्हर दोन मीटर आधी नेहमीपेक्षा एक लीटर जास्त श्वास घेतो. एक लीटर म्हणजे समुद्राच्या पाण्यात एक किलोच्या वर उचल. दगडापाशी पोचेपर्यंत तो अलगद वर आलेला असतो, पलीकडे गेल्यावर श्वास सोडतो आणि खाली येतो. हात पोटाशी, पाय मागे वाकवलेले, ढवळाढवळ शून्य.

यात पाण्याचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवावा. मास्कच्या काचेतून सगळं सुमारे एकतृतीयांशानं मोठं आणि पाव अंतरानं जवळ दिसतं. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर वाटतो. किनाऱ्यावर परतल्यावर माशांच्या लांबीबद्दल होणाऱ्या वादांमागे पुष्कळदा इतकंच असतं.

वाळू आणि पोवळं

वाळूचा तळ शिकायला उत्तम. त्यावर गुडघे टेकता येतात, खाली यायला निश्चित जागा मिळते आणि काही मोडत नाही. पण प्रवाळाजवळची वाळू निरुपद्रवी नसते. वाळूवरून खाली-वर फिन मारत गेलात की मागे धुरळ्याचा ढग उठतो आणि तो शेजारच्या पोवळ्यांवर बसतो.

पोवळ्याचा दगड म्हणजे हजारो पॉलिपांची वसाहत. प्रत्येक पॉलिप बहुधा काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती नाजूक बाहू, आणि त्याच्या पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि पॉलिपाची बहुतेक गरज भागवतं. वाळूचा थर बसला की प्रकाश अडतो. तो झटकायला पॉलिप चिकट स्राव सोडतो आणि त्यात त्याची शक्ती जाते. हात लावला तर तोच संरक्षक थर पुसला जातो. वाढ किती? गोलसर पोराइट्स जातीचे प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे ॲक्रोपोरा दहा सेंटिमीटर किंवा जास्तही. म्हणजे फिनच्या एका फटक्यात काही वर्षांची वाढ जाते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी काही आठवडे जास्त तापलं तरी पॉलिप ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पांढरं पडलेलं पोवळं लगेच मेलेलं नसतं, ते उपाशी असतं. अशा काळात त्याला धुरळ्याचा आणखी त्रास देणं अगदीच वाईट.

म्हणून वाळूच्या जवळ बेडकासारखी किक मारायची: गुडघे वाकवून पावलं बाजूला आणि मागे, खाली कधीच नाही. लोंबकळणारा काटा आणि ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर, जॅकेटला अडकवून ठेवायचा. लोंबणाऱ्या नळ्या प्रवाळ मोडतात आणि वाळू खातात. ऑक्टोपसमध्ये वाळू गेली तर त्याचा व्हॉल्व नीट मिटत नाही, आणि हे कळतं ते नेमकं गरज पडल्यावर.

शैवालाला प्रकाश लागतो, याचा एक चांगला परिणाम असा की पाहण्यासारखं बहुतेक सगळं वरच्या वीस मीटरमध्येच असतं. त्यापेक्षा खाली जाण्याची हौस प्रवाळ पाहणाऱ्यानं तरी बाळगू नये. लाल रंग पाच-सहा मीटरनंतरच फिका पडतो. पुढे सगळं निळं-करडं. खोलात खरचटलं तर रक्तही हिरवट दिसतं. छोटी टॉर्च लावली की करड्या दगडावर एकदम लाल-केशरी रंग पेटतात.

किनाऱ्यावरून चालत उतरत असाल तर वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडलेलं पाकट धक्का जाणवला की निघून जातं. पाय वर पडला तर नांगी मारतं. पाकट, स्टोनफिश किंवा लायनफिश यांच्या काट्याचं विष उष्णतेनं निकामी होतं: जखम सोसेल इतक्या गरम, पण ४५ अंशांपेक्षा कमी तापलेल्या पाण्यात तीस ते नव्वद मिनिटं बुडवून ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. घरटं राखणारा टायटन ट्रिगरफिश मात्र स्वतःच अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाणाऱ्या शंकूसारखी असते, म्हणून वर पळालात तर हद्दीतच राहता. आडवं पोहत दूर जायचं, फिन्स त्याच्याकडे ठेवून.

पाणी कुठे निघालंय

छोट्या बेटाभोवती प्रवाह चटकन बदलतात. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी भित्तीवरून आत येतं. ओहोटीला तेच पाणी वाळू घेऊन भित्तीतल्या अरुंद खिंडींतून जोरात बाहेर पडतं. म्हणून भरती पूर्ण होऊन पाणी ठरतं त्या सुमाराची वेळ साधावी: पाणी नितळ आणि ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ठरलेली वेळ आखूड होते, अष्टमीच्या भांगाला जरा ऐसपैस मिळते.

एक नॉट हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण तो मिनिटाला सुमारे ३१ मीटर. सगळं साहित्य अंगावर असलेला डाइव्हर त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहू शकत नाही. त्यामुळे सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध, हवा भरपूर असताना, परतणं प्रवाहासोबत. उतरल्यावर पहिलं मिनिट माशांकडे पाहा: सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतील तर ओढ तिकडूनच येतेय. तुमचे बुडबुडे तिरके किंवा खाली जाताना दिसले तर कड्यापासून दूर व्हा आणि डाइव्ह आवरती घ्या. दिशा चुकल्यास तळाच्या वाळूवरच्या सुरकुत्या मदत करतात. उथळात त्या बहुधा किनाऱ्याला समांतर असतात.

वर आल्यावर वेगळीच पंचाईत असते. पाण्यात तरंगणाऱ्याचे डोळे पृष्ठभागापासून पंधरा सेंटिमीटर वर. तिथून क्षितिज जेमतेम दीड किलोमीटरवर. दोन-तीन मीटर उंचीचं बेट एका लाटेमागे दिसेनासं होतं, आणि बोटीवरच्याला तुमचं डोकं काहीशे मीटरवरही सापडत नाही. यासाठी एसएमबी, म्हणजे फुगवून उभी करायची केशरी नळी, प्रत्येकाजवळ हवी. जोडीदार हरवला तर एक मिनिट गोल फिरून शोधायचं, नाहीच दिसला तर दोघांनीही वर यायचं. हे आधी ठरलेलं असेल तरच उपयोगी पडतं. आणि अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल.

वर येणं

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतकांत विरघळत राहतो. सोडावॉटरची बाटली हळू उघडली तर फेस येत नाही, एकदम उघडली तर उसळतो, शरीराचंही तसंच. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर आणण्याचे तक्ते १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा मूळ हिशेब त्याच वाटेचा आहे. पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या हौशी डाइव्हरांसाठीच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला अठरा मीटरवर ५६ मिनिटं, तीस मीटरवर फक्त २०. ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. थकवा, थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, यांनी ती आतल्या आत आखूड होते. सावली नसलेल्या वाळूच्या बेटावर दोन डाइव्हच्या मध्ये पाणी पीत राहायला हवं ते यासाठीच.

वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवा, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. नंतर सांधा दुखणं, कातडीवर जाळीसारखे डाग, मुंग्या, न जाणारा थकवा, यातलं काही दिसलं तर ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणायचं नाही. शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि दाबकक्ष, म्हणजे दाब वाढवून उपचार करायची बंद खोली, असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधायचा. बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि जवळचा दाबकक्ष किती तासांवर आहे, हे दोन प्रश्न उतरण्याआधी विचारावेत. ज्यांना उत्तर माहीत नसेल त्यांच्यासोबत न गेलेलं बरं. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस झाले तर १८ तास विमान टाळायचं, कारण विमानाच्या आतला दाब डोंगरावरच्यासारखा कमी असतो.

मास्कमध्ये पाणी शिरणं, पायात गोळा येणं, रेग्युलेटर निसटणं, हे होणारच. मास्कची वरची कड कपाळाला दाबा, नाकातून फुंका, पाणी खालून निघून जातं. गोळा आला तर फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा. रेग्युलेटर निसटला तर उजवीकडे झुकून हात मांडीवरून मागे नेत गोलाकार पुढे आणा, नळी हातावर येते. या तिन्ही गोष्टी प्रशिक्षकासोबत उथळ वाळूवर इतक्या वेळा करायच्या की कंटाळा यावा. वाचून हात वळत नाही.

साहित्य धुताना शेवटची एक गफलत होते. सिलिंडरवरून काढलेल्या पहिल्या टप्प्याचं टोपण कोरडं पुसून घट्ट बसवा, मगच रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवा. बुडलेला असताना दुसऱ्या टप्प्याचं मधलं बटण दाबू नका. दाबलंत तर व्हॉल्व उघडतो, पाणी नळीतून मागे पहिल्या टप्प्यापर्यंत पोचतं आणि आतला धातू गंजायला लागतो. बीसीडीत तोंडाच्या नळीतून थोडं गोडं पाणी घाला, हलवा, उलटा करून काढून टाका. आतून निघणारं पाणी पहिल्यांदा खारट लागेल, म्हणून पुन्हा एकदा करा. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगा.